फेरेटाची खरेदी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत सातवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मजजवळ आला आणि मोठ्या अदबीनें विचारूं लागला, "सर, फेरेट कोठें विकत मिळतो, आणि त्यास किती पैसे पडतात?" त्यानें तो प्राणी वडिलांच्या मोबाइलवर पाहिला होता. तो उड्या कशा मारतो, मोजे कसे पळवितो, मालकाच्या बाहींत शिरून कसा झोंपतो, ह्याचें वर्णन त्यानें इतक्या तन्मयतेनें केलें कीं, घंटा झाल्याचें आम्हां दोघांच्याही ध्यानांत आलें नाहीं. "सवडीनें सांगेन," असें म्हणून मीं त्यास वर्गांत पाठविलें. पुढें पालकसभेच्या दिवशीं त्याचे वडील भेटले. ते म्हणाले, "सर, आतां तुम्हींच ह्याची समजूत घाला. फेरेट मिळत नसेल तर मुंगूस तरी आणा, म्हणून दोन महिने घरांत एकच धोशा चालविला आहे." ह्याविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहीन असें मीं त्यांस वचन दिलें, आणि शिक्षकानें दिलेलें वचन मुलें विसरत नाहींत, हा माझा वीस वर्षांचा अनुभव असल्यामुळें आज लेखणी हातीं घेतली आहे.

प्रथम फेरेट म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. दिसण्यांत तो मुंगुसासारखा, लांबट अंगाचा व आंखूड पायांचा. परंतु मुंगुसाशीं त्याचें नातें दूरचें आहे. आपल्या नद्यांतून राहणारें पाणमांजर हें खरें त्याच्या कुळांतलें. युरोपांतील पोलकॅट नांवाचा एक रानटी प्राणी माणसानें फार प्राचीन काळीं माणसाळविला, त्याचाच फेरेट झाला. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें सशांच्या शिकारीसाठीं असे प्राणी वापरीत असल्याचें लिहून ठेविलें आहे. ससा बिळांत शिरला कीं माणसाचा उपाय खुंटतो. फेरेट मात्र अंगानें सडपातळ असल्यामुळें आंत जातो, ससा भिऊन दुसऱ्या तोंडानें बाहेर पडतो आणि तेथें लावून ठेवलेल्या जाळ्यांत सांपडतो. 'फेरेट' हा शब्द 'लहानगा चोर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. तो किती यथार्थ आहे, हें माझ्या मोज्यांस विचारावें.

मुंगुसाची गोष्ट निराळी. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगुसास संरक्षण दिलेलें आहे. त्यास पकडणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. एवढें सांगून मला हा विषय बाजूस सारतां आला असता. परंतु खरें सांगावयाचें तर, मी आठ वर्षांचा असतांना आमच्या घरीं मुंगूस आणलें होतें. गांवच्या जत्रेंत एक माणूस टोपलींत तीन पिलें घेऊन बसला होता. दोन पिलें एकमेकांच्या अंगावर चढत होतीं व टोपलीच्या काड्या कुरतडीत होतीं. तिसरें एका बाजूस अंग चोरून बसलें होतें. मीं हात घातला तेव्हां तें हललेंसुद्धां नाहीं. "बाबा, हें गरीब आहे, हें चावणार नाहीं, हेंच घेऊं या," असें मीं म्हटलें, आणि बाबांनीं पैसे दिले. मीं त्यास दुधांत भाकरी कुसकरून घालीत असें. चौथ्या दिवशीं पहांटे माझ्या उशाजवळच्या खोक्यांत तें ताठ होऊन पडलेलें आढळलें. त्याला आपल्या आईची आठवण आली असेल, असें सांगून आईनें माझी समजूत घातली. ती मीं बरींच वर्षें खरी मानली.

२०१६ सालीं शिक्षकांच्या अदलाबदलीच्या एका योजनेमुळें मला जूनपासून डिसेंबरपर्यंत इंग्लंडांत राहण्याचा योग आला. माझी शाळा यॉर्कशायर परगण्यांत, बार्न्सले शहराजवळच्या एका खेड्यांत होती. तो सारा मुलूख पूर्वीं कोळशाच्या खाणींचा. ब्रिटनमधील शेवटची खोल खाण, केलिंग्लीची, ही त्याच परगण्यांतली. ती मी जाण्याच्या आदल्या वर्षीं, २०१५ च्या डिसेंबरांत बंद झाली होती. ज्यांच्या घरीं माझी राहण्याची सोय केली होती ते म्हातारे गृहस्थ खाणींतच उभा जन्म काढलेले. वय ७८ वर्षें, पत्नी वारलेली, एकुलती मुलगी दूर दक्षिणेकडे नांदत असलेली. स्वयंपाकघराच्या मागें एक लांकडी पिंजरा होता. तो रिकामा होता. तरी दर शनिवारीं ते त्यांतलें जुनें गवत काढून नवें घालीत. पहिले दोन शनिवार मी कांहीं बोललों नाहीं. तिसऱ्या शनिवारीं त्यांनीं आपण होऊन सांगितलें, "ह्यांत माझा फेरेट होता. मार्चमध्यें गेला. आठ वर्षांचा झाला होता."

खाणकामगार आणि फेरेट ह्यांची संगत त्या भागांत फार जुनी आहे. खाणींतल्या माणसास मोकळ्या हवेची तहान. रविवारीं फेरेट कोटाच्या खिशांत घालून तो शेतांच्या बांधाकडे निघे व दोन-चार ससे घेऊन परते. १९८४ च्या मार्चमध्यें सुरू झालेला खाणकामगारांचा प्रसिद्ध संप वर्षभर चालला. त्या वर्षीं आपल्या घरांत मांस शिजलें तें बहुतेक फेरेटाच्याच कृपेनें, असें म्हातारबुवा सांगत. त्याच मुलखांतील एका विलक्षण खेळाचें वर्णन ऐकून मी तर थक्क झालों. विजारीचे पाय घोट्याशीं घट्ट बांधून आंत दोन जिवंत फेरेट सोडावयाचे व कोण अधिक वेळ उभा राहतो तें पाहावयाचें! १९८१ सालीं बार्न्सलेच्या एका इसमानें ५ तास २६ मिनिटें उभें राहून विक्रम केला होता. आपण स्वतः हा खेळ कधींही खेळलों नाहीं, असें म्हातारबुवा निक्षून सांगत. परंतु त्याचे नियम मात्र त्यांस फार बारकाईनें ठाऊक होते.

ऑगस्टमध्यें एके दिवशीं ते मला म्हणाले, "मास्तर, उद्यां मजबरोबर येतां कां? एक पिलूं पाहावयाचें आहे. माझे डोळे आतां पूर्वींसारखे राहिले नाहींत." मुलीचा ह्या गोष्टीस विरोध होता, हें मला फोनवरील बोलण्यावरून कळलें होतें. तरी मी गेलों.

पिलें विकणाऱ्या बाई एका शेतावर राहत होत्या. फेरेटांचीं पिलें बहुधा उन्हाळ्याच्या आरंभीं जन्मतात आणि आठ आठवड्यांचीं होईपर्यंत त्यांस आईपासून तोडूं नये असा जाणत्यांचा नियम आहे. हीं पिलें नऊ आठवड्यांचीं होतीं. बाईंनीं दारांतच विचारलें, "दोघांपैकीं कोणास पडसें-खोकला आहे काय?" मला नवल वाटलें. तेव्हां म्हातारबुवांनीं खुलासा केला कीं, माणसाचा इन्फ्लुएंझा फेरेटास होतो. ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासांतही नमूद आहे. १९३३ सालीं लंडनमधील संशोधकांनीं माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु प्रथम वेगळा केला तो फेरेटांच्याच साह्यानें.

पिंजऱ्यांत सात पिलें होतीं; कांहीं पांढरीं, कांहीं करड्या अंगाचीं व डोळ्यांभोवतीं काळा पट्टा असलेलीं. म्हातारबुवांनीं पिलांकडे पाहिलेंच नाहीं. त्यांनीं प्रथम पिंजऱ्याचा कोपरा न्याहाळून विष्ठा घट्ट आहे कीं पातळ तें पाहिलें, मग पाण्याचें भांडें पाहिलें, मग "आई कोठें आहे?" म्हणून विचारलें. बाईंनीं आईस उचलून आणलें. एक हात पुढच्या पायांखालीं छातीशीं व दुसरा मागच्या अंगाखालीं धरून म्हातारबुवांनीं तिला घेतलें. ती त्यांच्या अंगठ्याचा वास घेऊन स्वस्थ राहिली. मला ते हळूच म्हणाले, "आई माणसाला भीत नसेल तर पिलेंही बहुधा भीत नाहींत. अर्धी खरेदी येथेंच झाली."

नंतर मला त्यांनीं निवड करण्यास सांगितलें. म्हणजे बहुधा माझी परीक्षा घेतली असावी. सहा पिलें जाळीवर चढत होतीं, एकमेकांच्या मानेस धरून लोळत होतीं व मागच्या मागें उड्या मारीत होतीं. एक लहानसें पांढरें पिलूं मात्र गवतांत पाय दुमडून बसलें होतें व आमच्याकडे पाहत होतें. मीं त्याकडे बोट दाखविलें. "हें शांत दिसतें," मीं म्हटलें.

म्हातारबुवांनीं तें उचललें, कान उलटून पाहिले, ओंठ वर करून हिरड्या पाहिल्या, पोटावरून बोट फिरविलें. मग तें त्यांनीं बाईंच्या हातीं दिलें व म्हणाले, "ह्यास आज पशुवैद्याकडे न्या." बाईंचा चेहरा उतरला. सकाळपासून त्यानें खाल्लें नव्हतें हें त्यांस ठाऊक होतें, आणि त्यांनीं तें लपविलेंही नाहीं. माझ्याकडे वळून म्हातारबुवा म्हणाले, "मास्तर, नऊ आठवड्यांचें पोर जागें असून स्वस्थ बसत नाहीं. बसलें तर तें शहाणें नसतें, आजारी असतें."

त्या क्षणीं मला टोपलींतलें तिसरें पिलूं दिसलें. ३० वर्षें मीं त्यास गरीब समजत होतों.

लाज लपविण्यासाठीं मीं घाईनें एका दांडग्या पिलास हात लावला, आणि त्यानें माझ्या तर्जनीस असा कडकडून चावा घेतला कीं रक्त आलें. बाईंनीं पट्टी आणून दिली. पिलें अशीं चावतात तीं रागानें नव्हे. भावंडांची कातडी जाड असते, माणसाची पातळ, हें त्यांस अद्याप ठाऊक नसतें. तें शिकविण्यास कांहीं आठवडे लागतात आणि शिकविणाऱ्यास संयम लागतो. मारलें तर तीं अधिकच चावतात. (आमच्या धंद्यांतील लोकांस हें कांहीं नवें नाहीं.)

आतां बाईंचे प्रश्न सुरू झाले. पिंजरा केवढा आहे? दिवसांतून किती तास त्यास बाहेर मोकळें सोडाल? खावयास काय घालाल? फेरेट हा केवळ मांसाहारी असून त्याचें आंतडें आंखूड असतें. खाल्लेलें तीन-चार तासांत पचून बाहेर पडतें, म्हणून त्यास दिवसांतून अनेक वेळां खावें लागतें, आणि दुधाभाकरीनें तो खंगतो. डिस्टेंपर नांवाच्या रोगाची लस टोंचून घ्याल ना? मादी घ्याल तर तिच्यावर शस्त्रक्रिया करवाल ना? नराचा संग न मिळालेली मादी तशीच ठेवली तर तिच्या शरीरांतील रक्त बनण्याची क्रिया बिघडून ती दगावते, असें त्यांनीं मला समजावून सांगितलें. म्हातारबुवांनीं सर्व उत्तरें पाठ असलेल्या विद्यार्थ्यासारखीं दिलीं. शेवटीं बाईंनीं जरा थांबून व शब्द तोलून विचारलें, "फेरेट सात-आठ वर्षें जगतो, कधीं अधिकही. तुमच्यामागें त्यास कोण पाहील?"

म्हातारबुवांनीं हातांतलें पिलूं खालीं ठेविलें. टोपी घातली. "आभारी आहें," एवढेंच बोलून ते मोटारीकडे चालूं लागले. परततांना वाटेंत आम्हीं एक शब्दही बोललों नाहीं. त्या शनिवारीं त्यांनीं पिंजऱ्यांतलें गवत बदललें नाहीं.

मला त्या बाईंचा राग आला होता, हें कबूल केलें पाहिजे. एकट्या वृद्धास असें विचारणें मला निर्दयपणाचें वाटलें. पण दहा-बारा दिवसांनीं म्हातारबुवाच मला म्हणाले, "तिनें विचारलें तें बरोबरच विचारलें. माझ्या मुलीनें तेंच विचारलें होतें, तेव्हां मीं फोन ठेवून दिला." मग त्यांनीं खिशांतून एक चिठ्ठी काढली. त्या बाईंनींच त्यांना ती पाठविली होती. जवळच्या गांवीं टाकून दिलेल्या व निराधार झालेल्या फेरेटांचें एक आश्रयस्थान होतें, त्याचा पत्ता तींत होता.

तेथें आम्हीं गेलों तेव्हां फेरेट विकत घेण्याची दुसरी बाजू माझ्या दृष्टीस पडली. पिलूं असतांना हौसेनें घेतलेले, वास येतो म्हणून, चावतो म्हणून, परीक्षा आल्या म्हणून सोडून दिलेले कितीतरी जीव तेथें होते. फेरेटाच्या अंगास एक उग्र वास असतो. शस्त्रक्रियेनें तो बराच कमी होतो, नाहींसा होत नाहीं. हें कोणी आधीं सांगत नाहीं, आणि सांगितलें तरी हौशी माणूस ऐकत नाहीं. मनुष्याच्या हौसेचा ह्याहून मोठा प्रमाद न्यूझीलंडांत घडला. तेथें १८८० नंतरच्या दशकांत सशांचा नाश करण्यासाठीं फेरेट आणून रानांत सोडण्यांत आले. त्यांनीं सशांबरोबर जमिनीवर घरटीं करणाऱ्या तेथल्या पक्ष्यांचाही फडशा पाडला. २००२ पासून त्या देशांत फेरेटांची विक्री व पैदास बंद आहे.

एका पिंजऱ्यांत एक जोडी होती. नर पांच वर्षांचा, मादी चार वर्षांची. त्यांचा मालक वृद्धाश्रमांत गेल्यामुळें तीं येथें आलीं होतीं. दोघांस निरनिराळ्या घरीं देणार नाहीं, असा तेथील नियम. म्हातारबुवांनीं मूठ मिटून ती जाळीच्या दारापाशीं ठेविली आणि ते तसेच बसून राहिले. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. मी घड्याळ पाहूं लागलों. अखेर मादी उठली, मुठीचा वास घेतला, त्यांच्या कोटाच्या बाहींत तोंड घातलें आणि पाहतां पाहतां शेंपटासकट आंत नाहींशी झाली. म्हातारबुवा हलेनात. "आतां उठतां येत नाहीं, मास्तर," ते म्हणाले, "ती झोंपली आहे."

तेथेंही एक कागद होता. घेणाऱ्यास प्राणी सांभाळणें अशक्य झाल्यास ते दुसऱ्या कोणास न देतां आश्रयस्थानानें परत घ्यावेत, असें त्यांत लिहिलें होतें. म्हातारबुवांनीं तो दोनदां वाचला, मला मोठ्यानें वाचावयास सांगितला, आणि मग सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. घरीं आल्यावर त्यांनीं मुलीस फोन केला व ह्या वेळीं तो मध्येंच ठेवला नाहीं.

पुढचे चार महिने माझे मोजे सुरक्षित नव्हते. सोफ्याखालीं मादीचें भांडार होतें. तेथें माझे तीन मोजे, एक खोडरबर, शाळेच्या फळ्याचें पुसणें व म्हातारबुवांच्या चष्म्याचें घर मिळालें. ऑक्टोबरांतील एका सकाळीं ते बाजारास गेले असतां मीं पिंजरा उघडला, तों मादी गवतांत निपचित पडलेली. मीं तिला उचललें. मान लोंबत होती, पाय लोंबत होते. हांक मारली, हालविलें, कांहीं नाहीं. मी तिला छातीशीं धरून स्वयंपाकघरांत जमिनीवर बसलों. एका आठ वर्षांच्या मुलाची ती पहांट मला पुन्हां आठवत होती. आणि एकाएकीं तिनें तोंड एवढें मोठें उघडून जांभई दिली व माझ्याकडे नाराजीनें पाहिलें. फेरेट दिवसांतून चौदा ते अठरा तास झोंपतो, आणि कधीं कधीं इतका गाढ कीं नवखा मालक रडूं लागतो. म्हातारबुवा परत आले तेव्हां मी जमिनीवरच होतों. त्यांनीं कारण विचारलें नाहीं, चहा ठेवला.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. फेरेट थंड देशाचा प्राणी असून तिसेक अंशांची उष्णताही त्यास सोसत नाहीं. आपल्या सोलापुरांत मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, तेथें त्यास आणणें म्हणजे भट्टींत ठेवणें होय. हें मीं त्यास सांगितलें. तो हिरमुसला. मग शेतावरच्या त्या बाईंचे सर्व प्रश्न मीं त्यास वहींत उतरून दिले, आणि कोणताही प्राणी आणावयाचा असो, आधीं हीं उत्तरें लिहून आण, असें म्हटलें. आठ दिवसांनीं त्यानें वही आणली. उत्तरें कुत्र्याच्या पिलाविषयींचीं होतीं व नीटनेटकीं होतीं. शेवटच्या प्रश्नापुढें, दहावीनंतर तूं वसतिगृहांत गेल्यावर त्यास कोण पाहील, ह्यापुढें त्यानें 'आई' असें लिहिलें होतें. "आईस विचारलेंस काय?" मीं म्हटलें. विचारलें नव्हतें. वही त्याच्याकडेच आहे. पालकांपैकीं एका बाईंस हा मजकूर वाचून कांहीं बोध झाला तर त्यांनीं कृपा करून त्यास उत्तर द्यावें.

म्हातारबुवांचें पत्र दर नाताळास येई. २०१८ च्या पत्रांत नर गेल्याचें व २०१९ च्या पत्रांत मादी गेल्याचें त्यांनीं कळविलें. दोघांस सफरचंदाच्या झाडाखालीं पुरलें आहे. त्याच पत्रांत पुढें लिहिलें होतें कीं, आपण आश्रयस्थानांत पुन्हां जाऊन आलों व सहा वर्षांचा एक आंधळा नर घेऊन आलों. "त्याचा रंग कोणता म्हणून विचारूं नका, मास्तर. मला आतां नीट दिसत नाहीं, त्याला मुळींच दिसत नाहीं. पण माझी बाही त्यास बरोबर सांपडते."